डावीकडून सातवा मावळा

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या मोठ्या मैदानावर लोखंडी पाइपांचे ट्रक येऊन थांबतात. चार-पाच दिवसांत पाइपांवर प्लायवूड चढतं, प्लायवूडवर काळ्या दगडाचा रंग चढतो आणि आदल्या आठवड्यापर्यंत पोरं जिथं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत होती तिथं रायगड उभा राहतो. त्याच सुमारास गावातल्या काही पुरुषांच्या दाढ्या वाढू लागतात. पोस्टात काउंटरवर बसणारा, विम्याचा एजंट, वायरमन, मोबाइलच्या दुकानातला पोऱ्या, गणिताचे दोन मास्तर. घरच्यांना आधी वाटतं, माणसानं कशाचं तरी मनाला लावून घेतलंय. मग उलगडा होतो की महानाट्य येतंय आणि हे त्यात मावळे आहेत.

हा प्रकार आपल्याकडे रुजवला तो बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’नं. 1985 साली ते पहिल्यांदा उभं राहिलं, पुढं हजाराहून जास्त प्रयोग झाले आणि एप्रिल 2018मध्ये तर ते दिल्लीत लाल किल्ल्याच्या पटांगणातही जाऊन आलं. हत्ती, घोडे, उंट, पालख्या आणि दीड-दोनशे माणसं असा तो संसार. त्यापाठोपाठ मैदानी महानाट्यांची रांगच लागली. मोठ्या भूमिका करणारी मंडळी संस्थेबरोबर फिरतात. पण दोनशे माणसांना गावोगाव फिरवून दोन वेळ जेवू घालणं कुणाच्या बापाला परवडणार? म्हणून सैन्य जिथल्या तिथं भरती करतात. शिवाजी महाराजांचे मावळे बारा मावळांतून आले होते, हे बारा वॉर्डांतून येतात, एवढाच फरक.

भरतीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी उसळते. ‘संवाद कोण म्हणेल?’ असं कुणी विचारायच्या आत चाळीस हात वर. मग संस्थेचा माणूस शांतपणे सांगतो की संवाद सगळे ट्रॅकवर आहेत, आधीच ध्वनिमुद्रित झालेले, तुम्ही फक्त ओठ हलवायचे. निम्मे हात खाली येतात. ‘घोड्यावर कोण बसलंय?’ यावर माथेरानला हनिमूनला गेलेला एक जण हात वर करतो आणि लगेच शेजाऱ्याकडे बघून खाली घेतो. उरलेल्यांतून उंच माणसं भालदार-चोपदार होतात, धिप्पाड माणसं खानाच्या फौजेत जातात आणि गावातला सगळ्यांत गोरा, घाऱ्या डोळ्यांचा माणूस इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन म्हणून बाजूला काढला जातो. त्यानं तोंड उघडण्याआधीच. आपला मावळा या सगळ्यांतून उरतो. तो मध्यम उंचीचा, मध्यम रंगाचा, मध्यम पोटाचा असतो. अशा माणसांचंच सैन्य होतं.

तालमी दुपारी चारला. कारण रात्री प्रकाशयोजनेवाले मैदान सोडत नाहीत आणि सकाळी मावळे नोकरीवर असतात. विदर्भ-मराठवाड्याकडं हा चारचा मुहूर्त म्हणजे अग्निपरीक्षाच. किल्ल्याच्या बुरुजाला हात टेकला तर पाइपाचा चटका बसतो. पायात मोजडी घालून नांगरल्यासारख्या मैदानावर धावायचं, तेही तिरकं, कारण सरळ धावलं तर लाइटच्या बाहेर जातो. ‘तुम्ही लढाईला निघालाय, एसटी पकडायला नाही,’ असं माइकवरून सांगितलं जातं. मावळा तिसऱ्या दिवशी नीट धावायला शिकतो आणि चौथ्या दिवशी त्याचा घोटा सुजतो.

इतिहास आणि हवामान यांचं पटत नाही, हे मावळ्याला कुणीही पुस्तकातून शिकवू शकलं नसतं. लाल महालावरचा छापा 5 एप्रिल 1663च्या रात्रीचा. तो ऐन चैत्रातलाच, त्यामुळं तिथं घाम अस्सल असतो. पण महाराज पन्हाळ्याहून निसटले ते जुलै 1660मध्ये, धो धो पावसात. म्हणजे ट्रॅकवर विजा कडाडताहेत, निळे लाइट लकलकताहेत आणि मे महिन्याच्या रात्री आपला मावळा डोक्यावरून घोंगडी ओढून कुडकुडतोय. कुडकुडण्याचा हा अभिनय मराठी रंगभूमीवरचा सर्वांत अवघड अभिनय मानायला हरकत नाही. त्या प्रसंगात पालख्या दोन असतात, एक महाराजांची आणि एक महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवणाऱ्या शिवा काशिदाची. तालमीत मावळे आधी दोन्ही नटांकडे डोळ्यांनीच वजनकाट्यासारखं बघून घेतात. आपला मावळा शिवा काशिदाच्या पालखीला खांदा देतो. त्यागाबद्दलच्या आदरामुळं, असं तो सांगतो. शिवा काशिद करणारा मुलगा अकरावीत आहे.

भूमिका मात्र एक नसते. विंगेत चिकटवलेल्या यादीत त्याच्या नावापुढं लिहिलेलं असतं: वारकरी, मावळा, खानाचा शिपाई, परत मावळा, मानकरी. वेष बदलायला मध्ये मिळतात दोन-अडीच मिनिटं, आणि कनातीमागं अंधारात साठ माणसं एकदम पागोटी शोधत असतात. खानाचा शिपाई म्हणून मेलेला माणूस पुढच्याच प्रसंगात स्वराज्यासाठी लढायला येतो. कधी गडबडीत डोक्यावर एक बाजू आणि कमरेला दुसरी बाजू राहते. मग त्याला मित्रही मारतात आणि शत्रूही.

मरण्याचं एक शास्त्र आहे. नवखा मावळा नाटकी मरतो, गिरक्या घेऊन, छातीवर हात ठेवून. मुरलेला मावळा आधी जागा हेरतो. जिथं घोडे येणार नाहीत, जिथं काही वेळापूर्वी घोडे येऊन गेलेले नाहीत, जिथून उठल्यावर विंग जवळ पडेल आणि जिथं आपला चेहरा तिसऱ्या रांगेत बसलेल्या घरच्यांना दिसेल, अशी जागा. या चारही अटी पुऱ्या करणारी जागा मैदानात एकच असते आणि तिथं नऊ जण मरायला येतात. मेल्यावर पुढची चार मिनिटं महाराजांचं स्वगत. मैदानातल्या मुंग्यांना ही वेळ पाठ असते. प्रेताला खाज सुटते, प्रेताच्या कानात पाखरू शिरतं, कारण हॅलोजनभोवती उन्हाळ्याच्या रात्री पाखरांची जत्रा भरलेली असते. एकदा तर एका प्रेताच्या मनगटावर हिरवा उजेड पेटला. काढायला विसरलेलं स्मार्ट घड्याळ होतं ते. आजची दहा हजार पावलं पूर्ण झाल्याबद्दल ते मृताचं अभिनंदन करत होतं. दुसऱ्या दिवसापासून वेष चढवताना मनगटं तपासायला स्वतंत्र माणूस उभा राहिला. शेवटी अंधार होतो आणि सगळी प्रेतं आपापल्या पायांनी, वाकून, पटापट विंगेत जातात.

चष्म्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या मावळ्याचा नंबर उणे साडेचार. सतराव्या शतकात चष्मा चालत नाही म्हणून तो काढून बनियनच्या आत खोचलेला असतो. त्यामुळं त्याला समोर शत्रू दिसत नाही, फक्त हलणारा हिरवट-पिवळा धूर दिसतो आणि तो त्या दिशेनं पत्र्याची तलवार फिरवतो. समोरच्या पंचवीस-तीस शिपायांना हे ठाऊक असल्यानं त्याच्या वाटेला कुणी जात नाही. प्रेक्षकांना वाटतं, काय दरारा आहे!

प्रेक्षकांत बसलेल्या घरच्यांना मात्र तो ओळखू येत नाही. आई पहिल्या प्रयोगाला येते. बहीण सांगते, ‘तो बघ, डावीकडून सातवा.’ आई डोळे पुसते, हात जोडते, मोबाइलवर चित्रण करायला लावते. घरी आल्यावर मोठं करून पाहतात तर तो वायरमनचा मुलगा निघतो. आपला मावळा उजवीकडून सातवा होता.

जनावरांचा मान वेगळा. घोड्याला वेळेवर पाणी मिळतं, सावली मिळते, त्याचा खोगीरवाला त्याच्याशी प्रेमानं बोलतो. हत्तीच्या परवानगीसाठी वन खात्यापासून प्राणी कल्याण मंडळापर्यंत कागद फिरतात. मावळ्यासाठी कुठलंच मंडळ नाही. त्याला चारला पोहे आणि प्रयोगानंतर, म्हणजे साडेअकराला, मसालेभात. तरी घोड्याचा हेवा करू नये. तो बिथरला की मोठमोठे नटही जमिनीवर येतात. एप्रिल 2023मध्ये कराडला ‘शिवपुत्र संभाजी’च्या प्रयोगात घोड्याचा पाय दुमडला आणि संभाजीराजांची भूमिका करणाऱ्या डॉ. अमोल कोल्हे यांच्या पाठीला मार बसला. त्या दिवसापासून आपला मावळा घोड्याच्या मागं पाच हात आणि पुढं दहा हात अंतर ठेवतो.

राज्याभिषेक हा सगळ्यांच्या आवडीचा प्रसंग, कारण त्यात धावायचं नसतं. खरा राज्याभिषेक 6 जून 1674चा, म्हणजे तोही उन्हाळ्याच्या शेपटीलाच. खऱ्या ऑक्झेंडनला गडावर दरवाजाशी उभे असलेले दोन हत्ती पाहून नवल वाटलं होतं की असल्या वाटेनं यांना वर आणलं तरी कसं. इथल्या ऑक्झेंडनला वेगळं नवल वाटतं. मखमली कोट, गळ्याला झालर, डोक्यावर केसांचा टोप आणि हवेत वाऱ्याची झुळूक नाही. दरबारात मुजरा करून तो वाकतो तेव्हा कपाळावरची पावडर पायरीवर गळते. इंग्रज या देशात दीडशे वर्षं टिकले कसे, हे कोडं त्याला रोज रात्री पडतं.

वेषात शिस्त कडक. तंबाखू नाही, सिगारेट नाही, मोबाइल नाही. महाराज करणाऱ्या नटाचे तर लोक मैदानाबाहेर पाया पडतात. तो बिचारा संकोचून बाजूला होतो आणि जिरेटोप उतरवल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. मावळ्याच्या पाया कुणी पडत नाही. पण गल्लीतली पोरं ‘ए मावळा’ म्हणून हाक मारतात, भाजीवाली जुडीमागं दोन रुपये सोडते आणि पोस्टाच्या काउंटरवर पेन्शनचे म्हातारे रांग मोडून विचारतात, ‘काल पाहिलं तुम्हाला. खानाकडून होता ना?’ तो मान डोलावतो. खोटं बोलण्यासारखं त्यात काही नसतं.

ज्या गोष्टीसाठी तो महिना लक्षात राहावा, ती घडली तिसऱ्या प्रयोगाला. दुपारपासून आभाळ भरून आलेलं. वळवाचे चार थेंब पडून गेलेले, मैदानातून वाफ निघतेय, प्लायवूडच्या रायगडाचा काळा रंग पायथ्याशी ओघळलाय. पावनखिंडीचा प्रसंग ऐन भरात असताना जनरेटर एकदा खोकला, दोनदा खोकला आणि बंद पडला. ट्रॅक गेला. बाजीप्रभूंचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला आणि नटाचे ओठ अंधुक उजेडात आणखी दोन शब्द पुढं जाऊन थांबले. हजारो माणसांसमोर अशी शांतता पसरली की दूरवर कुणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू आलं. बाजीप्रभू करणारा नट मुरलेला, पण त्याला आठवडाभर रोज ऐकू येणाऱ्या त्या भारदस्त आवाजाशी आपला आवाज जुळवायचं धाडस झालं नाही.

तेव्हा मावळ्यांतून कुणीतरी ओरडलं, ‘हर हर महादेव!’

आवाज बारीक होता, जरा चिरकाही होता. महिनाभर हे लोक ओठ हलवत होते, त्यामुळं घशाला सवयच नव्हती. पण मागोमाग तीस-चाळीस गळे त्यात मिसळले, आणि मग तो आवाज मैदानाच्या टोकाला जाऊन प्रेक्षकांकडून दसपट होऊन परत आला. मोबाइलचे दिवे लागले. त्या उजेडात खिंडीतली लढाई ट्रॅकशिवाय, संगीताशिवाय, नुसत्या पत्र्याच्या खणखणाटावर पाचेक मिनिटं चालली. जनरेटर पुन्हा सुरू झाला तेव्हा लोक थोडे हिरमुसले, असं म्हणायला हवं. इतकी यंत्रं, इतके लाइट, इतका खर्च, आणि त्या महिन्यातला सगळ्यांत चांगला प्रसंग डिझेल संपल्यामुळं घडला. महानाट्य भरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

त्या रात्री मसालेभाताच्या रांगेत चाळीस मावळे होते आणि पहिली आरोळी आपणच दिली असं त्यांतले चाळीसही शपथेवर सांगत होते. आपला मावळा काही बोलला नाही. त्याचा घसा बसला होता.

शेवटच्या प्रयोगानंतर रातोरात पाइप उतरतात, ट्रक पुढच्या गावी निघतात. सकाळी मैदानावर खड्डे, लीद, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि एक सुटी मोजडी. क्रिकेटवाली पोरं स्टंप घेऊन हजर. मानधन म्हणावं तर जाण्या-येण्याचा पेट्रोलखर्चही पुरता निघालेला नसतो. मात्र समारोपाला पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळतं, सोनेरी कडा असलेलं, ‘भूमिका’ या शब्दापुढं ‘मावळा’ असं छापलेलं.

आपल्या मावळ्याच्या प्रमाणपत्रावर आडनाव चुकलंय. तरी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, दाढी न काढताच, तो ते लॅमिनेशनला टाकून आला.