बॅटरीवैद्य

हिवाळ्यात मिनेसोटाकडचे आणि कॅनडातले पेन्शनर आपापली मोटरहोम घेऊन अ‍ॅरिझोनातल्या युमाला थंडी चुकवायला येतात. त्यांच्या प्रत्येक वस्तीत एक बॅटरीवैद्य असतोच. सत्तरीच्या पुढचा, खिशात मल्टिमीटर. तुम्ही खांबावरच्या पेटीत ३० अँपिअरची केबल खुपसता न खुपसता तोच स्वारी हजर. प्रवास कसा झाला वगैरे नाही. पहिला प्रश्न, "पाणी कधी पाहिलंत?"

पाणी म्हणजे घराच्या बॅटऱ्यांतलं. दिवे, पंप, पंखे ज्यांच्यावर चालतात त्या. इंजिनची बॅटरी त्याच्या लेखी सावत्र. गाडी खांबाला जोडल्यावर बॅटऱ्यांना सुटीच की, असं चुकूनही म्हणू नये. तो खुर्ची ओढून बसतो. "सुटी कसली? चार्जर दिवसरात्र चालू आहे!" जुना चार्जर भरलेल्या बॅटरीलाही १३.६ व्होल्ट देतच राहतो, उन्हाच्या गावात पाणी हळूहळू उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि एप्रिलमध्ये घरी निघताना... पुढचं तो बोलत नाही.

हे सगळं खरं असतं, हीच पंचाईत. खुळ्याला टाळता येतं. याला कसं टाळणार?

नवे चार्जर १४.४ पर्यंत चढून, बॅटरी भरली की आपणहून उतरतात. याचा त्यांच्यावर विश्वास नाही. चार्जर काढा, बॅटरीला काही तास विसावू द्या, मगच मोजू, असं म्हणून तो तुमच्याच कॉफीवर ते तास काढतो. मीटरवर १२.६ दिसलं तरी समाधान नाही, आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर निघतो. त्यातही १.२६५, म्हणजे बॅटरी ठणठणीत, आलं की स्वारी जरा खट्टू होते.

लिथियमवाल्या शेजाऱ्याकडे ना पाणी, ना हायड्रोमीटर. तिथे तो बराच वेळ हात मागे बांधून उभा राहतो. अखेर सापडतं. "ही मात्र महिनोन्‌महिने शंभर टक्के भरून ठेवायची नसते हं!" आणि चेहरा खुलतो.

"नोव्हेंबरपासून गाडी जागची हललेली नाही," वैद्याची बायको म्हणते. "त्या बॅटऱ्या वापरणार कधी?"

"म्हणून तर जपायच्या!"

युमाला गेलात तर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन गाडीबाहेर, त्याला दिसेल असा ठेवा. निदान आठवडाभर सुटका होते.