थंडी, खोपट मुक्काम

पारा अठराला टेकला की ठाण्याच्या खोपटात माकडटोप्या बाहेर पडतात. एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर ‘यंदा थंडी भयंकर हं’ असं एकजण म्हणतो आणि बाकीचे स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून माना डोलावतात. याच स्टँडवरून रात्री मुक्कामी गाडी घेऊन सुटणारा चालक मात्र काही बोलत नाही. त्याला पुढे घाट चढायचा असतो.

ट्रकवाल्याचं आणखी बरं. केबिन म्हणजे पत्र्याची पेटी. गाडी थांबली की बॉनेटची ऊब तेवढी तासभर पुरते. मग खिडकीच्या फटीत जुनं वर्तमानपत्र कोंबायचं, घोंगडी डोक्यावरून ओढायची. लॉजवर जावं तर सकाळी टाकीतलं डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल जागेवर असेलच असं नाही. चोराला थंडी वाजत नाही.

सरकारला या माणसाची काळजी आहेच. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांची केबिन वातानुकूलित हवी, असा नियम आहे. उन्हाळ्यासाठी उत्तमच. निफाडच्या डिसेंबरात, पहाटे, जुन्या ट्रकात काय करायचं ते नियमात नाही. महामार्गांवरच्या काही पेट्रोल पंपांवर ट्रकवाल्यांना निजायला ‘अपना घर’ नावाच्या खोल्या झाल्या आहेत, पण त्या प्रत्येक पंपावर नाहीत.

तोवर एवढं करा: बंद केबिनमध्ये शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.