नेत्याची आत्मकथा

नेतृत्वविकासासाठी सांगायच्या आत्मकथेला आधी अपयश लागते. मात्र ते जुने, सुबक आणि पुढे बढती मिळवून देणारे असावे. स्टीव्ह जॉब्स यांनी १२ जून २००५ रोजी स्टॅनफर्डच्या पदवीदान समारंभात तीनच गोष्टी सांगितल्या. अर्धवट सोडलेले कॉलेज, १९८५मध्ये ॲपलमधून झालेली गच्छंती, कर्करोग. तेव्हापासून आपापली गच्छंती शोधणे व्यवस्थापकांना भाग पडले. ज्यांना कोणी काढलेच नाही, ते बदलीवर भागवतात. गरिबी नसेल तर आजोबांची चालते. ज्याच्या उजेडात अभ्यास केला तो कंदीलही बहुधा त्यांचाच. कथेत आई असते, गुरू असतो. ती कथा स्लाइडवर बसवण्यासाठी रात्रभर जागलेला कनिष्ठ मात्र नसतो. श्रोते हाताखालचे, त्यामुळे टाळ्या खात्रीच्या. पगारवाढीचा विषय प्रश्नोत्तरांत घ्यायचा असतो, आणि प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही.