गिअरची केबल स्वतः दुरुस्त करा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

गाडी व्यवस्थित चालते आहे, हीच तुमची खरी अडचण. गिअर टाकला की पडतो, आणि शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. काळजी करू नका, यावर इलाज आहे.

१. आधी शॉर्ट शिफ्टर बसवा. गिअरच्या दांड्याचा प्रवास दोन-तीन सेंटिमीटरने घटेल. शाळेत शिकलेला तरफेचा नियम मात्र विसरा : अंतर वाचलं की जोर जास्त लागतो, आणि तो तुमच्या मनगटावर नि केबलवर येतो. दुकानदार याला 'स्पोर्टी फील' म्हणतो. पैसे दिलेत, तुम्हीही म्हणा.

२. केबल सोडवा. बहुतेक गाड्यांत त्या दोन असतात. एक दांड्याची डावी-उजवी हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेते, दुसरी पुढची-मागची. खुणा बिलकूल करू नका. जुळवणी चुकली तर पहिला टाकायला जाल आणि तिसरा पडेल. चढावर वेगळीच मजा.

३. आता सायलेन्सरही बदला. त्याच्यावरचा उष्णता अडवणारा पत्रा 'दिसायला बरा नाही' म्हणून माळ्यावर टाका. केबल तापलेल्या पाइपाला खेटून, छान काटकोनात वळवा. आतलं अस्तर वितळलं की गिअर जड होईल. जिमचे पैसे वाचले.

४. बुशची वाट पाहा. केबलच्या टोकाचा हा प्लास्टिकचा बुश लिव्हरवरच्या गोळीवर दाबून बसवलेला असतो. झिजला की निसटतो. शक्यतो सिग्नल सुटताना, मागे पीएमपीची बस असताना. मग दांडा आमटीतल्या पळीसारखा फिरतो. हॉर्न ऐकू येतील. मनाला लावून घेऊ नका, लोकांना मॉडिफिकेशनमधलं कळत नाही.

५. केबल टाय लावा. एक पुरत नाही, तीन लावा. ही तात्पुरती सोय आहे, म्हणजे गाडी विकेपर्यंतची.

६. सर्व्हिस सेंटरला वॉरंटी मागायला जा. 'आपोआप झालं' असं ठामपणे सांगा आणि दांड्यावर रुमाल टाका. मेकॅनिक रुमाल उचलेल, तुमच्याकडे बघेल आणि काहीही बोलणार नाही. हा क्षण कठीण असतो. मोबाइल काढा.

७. अगदीच नाइलाज झाला, तर खरी दुरुस्ती करा : गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. कंपनीची नवी केबल रुंद वळण देऊन पाइपापासून लांब न्या, पत्रा परत लावा, दोन्ही टोकं 'टक' आवाज येईपर्यंत दाबा, न्यूट्रलमध्येच जुळवणी करा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. फोटो काढण्यासारखं यात काही नाही.

८. यासाठी मूळ शिफ्टर लागेल, जो तुम्ही हौसेने भंगारवाल्याला दिलात. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठा. तिथे तुमच्याच गाडीचा सापडला, तर चेहऱ्यावर ओळख दाखवू नका. भाव वाढतो.