वजन कुणाच्या खात्यावर?

दात घासायच्या ब्रशची अर्धी दांडी कापून टाकली तर पाचसात ग्रॅम वजन वाचतं. एवढ्याशा लाभासाठी हातात करवत घेणारी माणसं वेडी नसतात. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन किंवा पॅसिफिक क्रेस्टसारख्या तीन-चार हजार किलोमीटरच्या पायवाटांवर ती निघालेली असतात आणि त्यांच्या पंथात ही दीक्षाच समजली जाते. पाठीवर मणाचं ओझं घेऊन कण्हत चालणं हीच तिकडे मर्दुमकी होती. १९९०च्या दशकात रे जार्डिन नावाच्या गृहस्थांनी पाठपिशवी नि पांघरूण घरीच शिवून, निम्म्याहून कमी वजनात तीच वाट चालून दाखवली आणि तिथून हे लोण पसरलं. आता पिशवीचं मूळ वजन साडेचार किलोंच्या आत असेल तर तुम्ही ‘अल्ट्रालाइट’, नाहीतर हमाल. या मूळ वजनाची व्याख्या मात्र मुळातून वाचावी. त्यात अन्न धरत नाहीत, पाणी धरत नाहीत, इंधन धरत नाहीत. अंगावरचे कपडे आणि पायातले बूटही धरत नाहीत. लग्नाचा खर्च सांगताना जेवणावळ, दागिने आणि हॉलचं भाडं वगळून ‘अगदी साधेपणाने उरकलं हो’ म्हणावं, तसा हा हिशेब. पाच दिवसांचा शिधा आणि दोन लिटर पाणी घेतलं की सहा किलोंच्या आसपास भर पडते, म्हणजे जे मोजलं त्याहून न मोजलेलंच जास्त. आणि शिधा पाचच दिवसांचा पुरतो, कारण सहाव्या दिवशी वाटेत गाव लागतं, गावात दुकान असतं, आणि दुकानदाराने तोवर ते सगळं आपल्या फळीवर सांभाळलेलं असतं.

माझं म्हणणं हेच आहे की पाठीवरून उतरवलेलं वजन नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर चढतं. याचा लखलखीत पुरावा आपल्याकडे दर वर्षी रस्त्याने चालत जातो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते; वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. दिवे घाटात उंचावरून काढलेले फोटो बघा. वारकऱ्याच्या अंगावर काय दिसतं? खांद्यावर पताका, गळ्यात टाळ, काखेत एखादी कापडी पिशवी आणि पाऊस आलाच तर डोक्यावरून घेतलेला प्लॅस्टिकचा कागद. जार्डिनसाहेबांनी हात जोडले असते. पण फोटोच्या चौकटीबाहेर दिंडीचा ट्रक असतो. वळकट्या, राहुट्या, बांबू, पातेली, शेगड्या, कांद्याबटाट्याची पोती आणि त्या साऱ्यावर ऐसपैस बसलेली स्वयंपाकाची मंडळी असा तो डोंगर पुढच्या मुक्कामाला केव्हाच रवाना झालेला असतो. भिशी भरली की दोन वेळच्या पंगतीची काळजी दिंडीची. वाटेवरची गावं तर वाटच बघत असतात: कुणी पिठलं-भाकरी घेऊन उभा, कुणी केळी घेऊन, कुणी फुकट चपला शिवून देतोय, कुणी पाय चेपून देतोय. हे काही ट्रकच्या युगातलं लाडावलेपण नव्हे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हाही त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांचा आधार लागलाच, आणि माउलींचे अश्व अजूनही तिथूनच येतात.

इथे जाणकार मंडळी एमा गेटवुड आजींचं नाव काढतात, आणि ते काढायलाच हवं. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अकरा मुलांच्या या आई ‘जरा चालून येते’ असं घरी सांगून निघाल्या आणि जॉर्जियापासून मेनपर्यंत तीन हजारांहून अधिक किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल एकट्याने पार करून आल्या. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची झोळी, तंबूच्या जागी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. ट्रक नाही, दिंडी नाही, भिशी नाही. आता बोला! बोलतो. आजी झोपायच्या कुठे, हे विचारून पाहा. पुष्कळदा वाटेवरच्या घरांत आणि ओसरीवर, कुणा अनोळखी माणसाचं दार ठोठावून. नाहीच सोय झाली तर वाळक्या पानांवर. आजींनी तंबू आणला नाही, कारण तो लोकांच्या घरांच्या रूपाने वाटेवर आधीच उभा होता. फक्त ‘येऊ का आत?’ एवढं विचारायची तयारी लागत होती. आपण मध्यमवर्गीय माणसं दोन किलोंचा तंबू वाहून नेतो तो पावसासाठी कमी आणि हा प्रश्न कुणाला विचारावा लागू नये म्हणून जास्त. माझ्या मते लांबच्या प्रवासाच्या पिशवीतला निम्मा ऐवज हा असल्या भिडेचाच असतो, आणि त्यावर टायटॅनियमचा इलाज अजून निघालेला नाही.

नर्मदा परिक्रमेत तर ही भीड मोडून काढायची व्यवस्थाच आहे. अडीच हजार किलोमीटरांहून लांब वाट आणि जवळ दंड, कमंडलू, अंथरूण-पांघरूण. उद्यासाठी साठवायचं नाही, गावोगावी सदावर्तात शिधा मिळेल तो घ्यायचा. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीचं उरलंसुरलंही लुटून घेतलं जाई, असं जुन्या मंडळींनी लिहून ठेवलं आहे. वजन उतरवण्याचा इतका रामबाण उपाय जार्डिनसाहेबांनाही सुचला नाही. मग लंगोटीवर बाहेर पडलेल्याला पुढच्या गावाने पांघरायला द्यायचं, हे ओघानेच आलं.

या सगळ्यात कडक हिशेबनीस मात्र शिवाजी महाराज. मराठी घोडदळ हलकं होतं, बादशाही छावणीसारखं चालतं शहर बरोबर घेऊन ते फिरत नव्हतं, याचा आपल्याला केवढा अभिमान! पण घोडा गवत खातो आणि ते गवत घोड्याच्या पाठीवर नसतं. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात महाराजांनी नेमकं यावर बोट ठेवलं आहे: दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, मग रयतेला त्रास द्याल, काय लागेल ते बाजारातून विकत आणा. म्हणजे ओझं दुसऱ्यावर टाकायला हरकत नव्हती, फुकट टाकायला होती.

कुणी म्हणेल, आता वस्तूच हलक्या झाल्या, त्यात कुणाच्या खात्याचा संबंध आला? आला ना, बँकेच्या. डायनिमा नावाच्या हलक्या कापडाचं पाल वजनाला निम्मं आणि किमतीला दामदुप्पट. शिवाय ते घेणाऱ्याच्या पोटावर पाचसात किलो बिनमोजणीचे असतात. तिथे करवत चालत नाही.

मग हा सगळा हलकेपणाचा थाट ढोंगच म्हणायचा का? तसं मी म्हणणार नाही, आणि याला कारण पुन्हा वारकरीच. ज्याने आपली वळकटी ट्रकमध्ये टाकली, तोच माणूस गळ्यात पखवाज अडकवून अडीचशे किलोमीटर चालतो. लाकडाचा तो ओंडका काट्यावर ठेवला तर अल्ट्रालाइटवाल्यांना घेरी येईल. कुणी वीणा घेतलेली, आणि बायकांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. ब्रशची दांडी कापणाऱ्याला विचारलं तर यातली एकही वस्तू प्रवासाला अत्यावश्यक नाही. ना ती पावसात उपयोगी, ना थंडीत. पण अंथरूण, भांडी आणि उद्याच्या जेवणाची चिंता ट्रकने उचलली, म्हणून खांदा या निरुपयोगी जड वस्तूंसाठी मोकळा राहिला. शिवाय ट्रकवर दिंडीचा क्रमांक ठळक लिहिलेला असतो. आपलं ओझं कोण वाहतंय हे लपवायची कुणाला गरज वाटत नाही. साडेचार किलोंच्या कोष्टकात हा रकाना नसतो, आणि माझी तक्रार आहे ती तेवढीच.

तेव्हा यंदा वारीला निघणार असाल तर ब्रश अख्खा घ्या आणि पिशवी खुशाल ट्रकमध्ये टाका. तिच्यावर नाव मात्र मोठ्या अक्षरात लिहा, कारण सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच दिसतात. आणि रक्तदाबाच्या गोळ्या खिशात ठेवा. मुक्कामाच्या गर्दीत आपला ट्रक सापडायला कधीकधी रात्र होते.