वरच्या मजल्यावरचा आरोपी

मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेत जुलै महिन्यात एकच खटला चालू असतो. फिर्यादी दुसऱ्या मजल्यावर, आरोपी तिसऱ्या मजल्यावर आणि पुरावा बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात, काळा, ठिपक्याठिपक्यांचा. ‘तुमचं बाथरूम गळतंय.’ ‘आमच्याकडे खडखडीत कोरडं आहे, येऊन बघा.’ मग सेक्रेटरी येतात, भिंतीवर बोट घासतात, बोट रुमालाला पुसतात, ‘कमिटीपुढे ठेवू’ म्हणतात आणि चहा घेऊन जातात. त्या दिवसापासून दोन्ही घरची माणसं लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहू लागतात.

पाणी वरून खाली येतं, एवढं विज्ञान प्रत्येकाच्या लक्षात असतं. ते हवेतूनही येतं, हा धडा बहुतेकांनी ऑप्शनला टाकलेला.

कायद्याने वाटणी अगदी चोख करून ठेवली आहे. संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून आलेलं पाणी संस्थेचं. संडास-बाथरूम आणि सिंकमधून आतल्या आत झिरपलेलं पाणी सभासदांचं. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा. सगळ्या पाण्याला धनी आहे. फक्त चार माणसं दारं-खिडक्या लावून रात्रभर झोपतात आणि श्वासातून, घामातून सकाळपर्यंत लिटरभर पाणी खोलीत सोडतात, त्या पाण्याबद्दल उपविधी गप्प आहेत.

खरं तर निकाल लावायला वकील लागत नाही, प्लॅस्टिकचा एक तुकडा पुरतो. डागाजवळची भिंत पुसून, पंख्याखाली वाळवून घ्यायची. फूटभर प्लॅस्टिक लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस कुणाला हात लावू द्यायचा नाही. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खुशाल वरच्यांची बेल वाजवा. खोलीकडच्या बाजूला घाम आला तर पाणी तुमच्याच घरातल्या हवेचं. जाणत्या माणसाला डाग बघूनही पुष्कळ कळतं. गळतीच्या डागाला पिवळट-तपकिरी कड असते, रंगाला फुगे येतात, पांढरा खार फुटतो. हवेतल्या पाण्यावर वाढलेल्या बुरशीला अशी कड नसते. ती कोपऱ्यात, पडद्यामागे, कपाटाच्या पाठीशी, म्हणजे जिथे वारा फिरत नाही तिथे नुसती शिंपडल्यासारखी दिसते. पण ही तपासणी कुणी करत नाही, कारण तिच्यात आरोपी निर्दोष सुटण्याचा धोका आहे.

आता घरातल्या पाण्याचा हिशोब. गॅस जळताना पाणी तयार होतं हे शेगडीपुढे रोज उभं राहणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपला की त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात सुटतं. कुकरच्या शिट्ट्या आणि चहाचं आधण वेगळं. वर चिमणी बसवलेली असते, पण अनेक घरांतली चिमणी वाफ बाहेर टाकतच नाही; तेल गाळून घेते आणि पाणी साभार परत करते. मग कपडे. बाल्कनी हॉलमध्ये घेतली, कारण हॉल मोठा दिसला पाहिजे. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसलं. आता चार दिवसांचे धुतलेले कपडे बेडरूममध्ये पंख्याखाली, दोरीवर, दाराच्या कडांवर, खुर्चीच्या पाठीवर. एका मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि त्या हवेला बाहेर जायला वाट नाही, कारण डास येतात म्हणून खिडकी बंद आहे.

अशा घरात बिस्किटं सादळतात, मीठ भांड्याला चिकटतं, इथपर्यंत आपण पावसाळ्याचं कौतुक करतो. एके दिवशी लग्नाला जायचं म्हणून कपाट उघडलं जातं. काळ्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट-पांढरी लव उगवलेली असते, बक्कलपाशी आणि भोकांच्या आसपास दाट, मध्ये विरळ. म्हणजे जिथे हाताचा घाम आणि तेल लागलेलं असतं तिथे पीक भरघोस. कोटाची कॉलरही तशीच. बुरशीला खायला फार काही लागत नाही. धूळ, घाम, खळ, पुठ्ठा, प्लायवुड, भिंतीचा रंगसुद्धा चालतो. आपण तिच्यावर डांबराच्या गोळ्या सोडतो. गोळ्या कसरीसाठी असतात. बुरशी त्यांच्या वासात आनंदाने नांदते.

आणि एसी. ‘आमच्याकडे एसी आहे, त्यामुळे ओल नाही’ म्हणणाऱ्यांनी एसीच्या खोलीतून पलीकडे जाऊन भिंतीला हात लावून बघावा. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, की साधारण २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. एसीच्या गाडीतून उतरलेल्या माणसाचा चष्मा धुरकटतो, तो याच हिशोबाने. २०२० पासून नवे एसी सुरू होताच २४ अंशांवर यावेत असा केंद्राचा नियम आहे. आपले चिरंजीव ते १८ वर नेतात. रात्रभर भिंत गार होते, सकाळी एसी बंद, खिडकी उघडी, दमट हवा आत आणि गार भिंतीवर स्थानापन्न. बुरशीला तर भिंतीवर थेंब दिसण्याचीही गरज नसते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली तरी तिचं भागतं.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला विलायतेहून आला आहे. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा गार आणि म्हणून मुळात कमी पाण्याची असते. आपल्या जुलैत खिडकी उघडली की बाहेरचं पाणी पाहुणचाराला आत येतं. पण म्हणून बंदही ठेवता येत नाही, कारण आतलं त्याहून वाईट. स्वयंपाक आणि अंघोळीनंतर वाफ बाहेर फेकणारा पंखा, कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा, एसीचा तो कधीच न दाबलेला ‘ड्राय’ मोड, पाऊस उघडला की आरपार वारा. औषध एवढंच आहे, आणि ते स्वस्त असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. विश्वास बसतो व्हॉट्सअॅपवर. तिथे ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून फवारायला सांगतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बुरशी जाईल न जाईल, फवारणारा मात्र खोकत बाहेर येईल.

एवढं वाचून बिल्डर मंडळींनी टाळ्या वाजवू नयेत. ‘दोष तुमच्या राहणीचा’ हे वाक्य फार सोयीचं असतं. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घकाळच्या संपर्काने जडलेल्या श्वसनाच्या गंभीर विकारामुळे तो दगावला, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. उत्तर मिळालं होतं, वर रंग मारा. घर देणाऱ्या संस्थेने पुढे कबूल केलं की या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण काही गोष्टी गृहीत धरल्या. त्या मुलाच्या नावाने २०२३ मध्ये कायद्यात तरतूद झाली.

आपल्याकडे एवढं लांब जायला नको. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने केलेला अभ्यास २०१८ मध्ये बाहेर आला. ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांचा आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध त्यात मांडला होता. अशा घरातल्या बाईला ‘खिडकी उघडत जा’ सांगणाऱ्याने आधी ती खिडकी कुणाच्या भिंतीवर उघडते ते बघावं. नकाशा मंजूर करणाऱ्याच्या बेडरूममध्ये अर्थातच आरपार वारा असतो.

उरला रंग. रॉचडेलचा सल्ला आपण कुणी न देताच पाळतो, तोही मुहूर्त बघून. पूर्वी भिंतीला चुना मारत. चुना अल्कधर्मी, बुरशीला न मानवणारा. शिवाय त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकायची. आता पुट्टी, त्यावर प्लॅस्टिकचा रंग, म्हणजे भिंतीला रेनकोट घालायचा, तोही ती आतून भिजलेली असताना. आणि हे काम कधी? तर गणपतीच्या आधी, भर श्रावणात. रंगारी प्रामाणिक असेल तर सांगतो, ‘साहेब, भिंत ओली आहे. आता मारू नका, दिवाळीला येतो.’ साहेबांना हे पटत नाही, कारण पाहुणे दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत. डाग खरवडतात, तोही कोरडाच; त्याचे बीजाणू घरभर उडतात. वर दोन हात चढतात. अनंत चतुर्दशीपर्यंत भिंत दृष्ट लागण्यासारखी आणि नवरात्रात त्याच कोपऱ्यात तेच ठिपके.

यंदा एका रंगाऱ्याने मधला मार्ग काढला. ‘नाहीच थांबायचं तर त्या कोपऱ्यात मखर लावा, डाग झाकला जाईल.’ यजमानांना कल्पना फारच आवडली. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी, तेव्हा मखर पुठ्ठ्याचं. बुरशीला पुठ्ठा रंगापेक्षाही जास्त आवडतो.