स्थानिक फरक मिळवून घ्यावा

भारतातल्या बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, आणि त्याचं हे काम चालतं डेहराडूनला. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच, समोर मसुरीचा डोंगर, भोवती सालाची झाडं. हे कळल्यापासून आमचे नानाकाका फार निर्धास्त झाले आहेत. "डेहराडूनला बसून मुंबईचं पाणी मांडता येतं, तर देवासला बसून ते वाचायला कुणाची हरकत?" असं ते विचारतात. हरकत कुणाचीच नसते, फक्त काकू पोह्यांवर शेव घालता घालता एकदा वर बघतात.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. बँक नोट प्रेसमध्ये नोकरी लागली म्हणून तरुणपणी देवासला आले आणि इथलेच झाले. हिंदीत भांडायला शिकले, दुपारी कचोरी खायला शिकले, पण भरतीची वेळ बघायची सवय काही सुटली नाही. मुंबईचं वर्तमानपत्र त्या काळी इथे दुसऱ्या दिवशी पोचायचं, म्हणजे त्यातली भरती कालची. काका तिच्यात पन्नास मिनिटं मिळवायचे. चंद्र रोज साधारण तेवढाच मागे पडतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग. अग्रलेख शिळाच राहायचा, भरती मात्र ताजी व्हायची.

पेपर आलाच नाही तर कोकणातला जुना हिशेब होताच: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ठोकताळाच तो, वाऱ्याचं आणि वळणाचं त्यात काही धरलेलं नसतं. पण होडी ढकलायला तेवढा पुरतो, आणि देवासला तर पुरून उरतो. त्याच हिशेबाने बघितलं तर संकष्टीच्या रात्री आपण चंद्राला ओवाळत असतो तेव्हा मुंबईचा समुद्र जवळजवळ तळाला गेलेला असतो. मोदक तयार, चंद्र हजर आणि पाणी गैरहजर. काकांना हा योग दर महिन्याला नव्याने सांगावासा वाटतो.

खरी मौज कोष्टकाच्या मागच्या पानांत असते. पुढच्या पानांवर प्रमुख बंदरं. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते आहे, त्यामुळे तिची वेळ मिनिटांनिशी छापता येते. लहान बंदरांना एवढा मान नाही. त्यांच्या नावापुढे फक्त फरक: अमुक बंदराच्या वेळेत इतकी मिनिटं मिळवा किंवा वजा करा, उंची इतक्या पटीने कमी-जास्त करा. म्हणजे चंद्र एकच, समुद्रही एकच, पण प्रत्येक खाडी आपल्या सवडीने भरते. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्याला आधी, मुंबईला नंतर आणि भावनगरला मुंबईनंतर कितीतरी तासांनी. उंचीची तऱ्हा आणखी निराळी. गोव्यात पाणी चढून चढून दोनेक मीटर चढतं, मुंबईला उधाणात पाच मीटरांपर्यंत, आणि खंभातच्या आखातात, ते नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेल्यामुळे, दहा मीटरांच्याही वर. एका गावचा आकडा दुसऱ्या गावी नेला तर होडी चिखलात बसते.

ही उंची मोजतात ती कुठून, हेही कोष्टकात लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? शून्य धरलेला असतो समुद्र सगळ्यात खाली जातो त्या पातळीला. पावसाळ्यात टीव्हीवर "आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार" असं सांगतात तेव्हा ती लाटांची उंची नसतेच, त्या तळापासून मोजलेलं भरतीचं पाणी असतं. दरवर्षी जुलैत ही बातमी लागली की देवासहून दादरला फोन जातो, दादरचा भाचा म्हणतो, "काका, मी ऑफिसात आहे," आणि काका त्याला शून्य म्हणजे काय ते समजावून सांगतात. मला वाटतं, फोन त्यासाठीच केलेला असतो.

देवासला बसून हे फरकाचं पान इतकं का आवडावं? मला याचं कारण आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांच्या भिंतीवर दिसतं. आमचं कॅलेंडर मुंबई-पुण्याचं. पवार मंडळी अठराव्या शतकात धार-देवासला येऊन बसली, त्यांच्यामागून कारकून, पुरोहित, शिलेदार आले, पुढे नोकरदार आले, आणि सगळ्यांनी पंचांग मात्र तिकडचं ठेवलं. म्हणजे आमची घरं ही एका अर्थी मागच्या पानावरची बंदरं. मुंबईचा आकडा घ्या आणि फरक मिळवा.

संकष्टीचा चंद्रोदयच बघा. देवास मुंबईच्या पूर्वेला सव्वातीन अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून चंद्र तेराएक मिनिटं आधी उगवायला हवा. पण देवास उत्तरेलाही आहे, त्यामुळे हा फरक ऋतूप्रमाणे हलतो. कधी जेमतेम पाच मिनिटं, कधी वीस. भुकेल्या माणसाला वीस मिनिटं म्हणजे काय, हे ज्याने साबुदाण्यावर दिवस काढला आहे त्यालाच विचारावं. त्यात पुन्हा टेकडी. देवासच्या चामुंडेच्या टेकडीच्या पश्चिमेला ज्यांचं घर, त्यांचा चंद्र गणितात उगवतो आणि गच्चीवर उगवत नाही. तिथल्या सुनांना आणखी एक फरक तोंडपाठ असतो, तो कुठल्याही पंचांगात छापलेला नाही.

श्रावणाचा फरक तर मिनिटांचा नव्हे, पंधरवड्याचा. शेजारच्या शर्माजींचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन सुरू होतो तेव्हा आमचा आषाढ अजून पंधरा दिवस रेंगाळत असतो. शर्माजींचे दोन सोमवार होऊन जातात, तरी आमच्याकडे कांद्याची भजी चालू. मग आमचे सोमवार सुरू होतात आणि त्यांचा सावन राखीबरोबर संपतो. मधले सोमवार तेवढे दोन्ही घरांत एकदम उपवासाचे. गंमत म्हणजे जन्माष्टमी दोघांची एकाच रात्री. आमची श्रावण वद्य, त्यांची भाद्रपद कृष्ण, कृष्ण तोच आणि पाळणाही तोच. लहानपणी याचा उलगडा व्हायचा नाही. आता वाटतं, वेळ एकच, फक्त कोष्टकाचं शून्य वेगळ्या ठिकाणी धरलेलं.

आणि फरक मिळवण्याचं हे शास्त्र माळव्याला मुंबईने शिकवावं, असं तर मुळीच नाही. जुन्या भारतीय ज्योतिषात मध्यरेखा उज्जैनवरून जायची. ग्रहांचं गणित करायचं ते उज्जैनच्या वेळेचं, आणि आपलं गाव त्या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला ते पाहून देशांतर-संस्कार द्यायचा. देवास या रेषेच्या किंचित पूर्वेला, धार पश्चिमेला. देवासची माध्यान्ह उज्जैनच्या मिनिटभर आधी, धारची दोनेक मिनिटं नंतर. काशीच्या ज्योतिषाला चांगली सव्वा घटी मिळवावी लागे तेव्हा आमच्या दोन गावांना चुटकीवर भागत होतं.

धारच्या भोजराजाच्या नावावर 'राजमृगांक' हा करणग्रंथ आहे, शके ९६४ चा, म्हणजे १०४२ सालचा. जुन्या सूत्रांनी काढलेला ग्रह आकाशात जिथे दिसायला हवा तिथे दिसेना, म्हणून त्यात बीजसंस्कार दिले आहेत. आकाश चुकलं असं राजाने म्हटलं नाही, गणितात फरक घातला. राजाकडून ही अपेक्षा सहसा नसते. याच भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरू'ही आहे, आणि त्यात चक्क जहाजबांधणी. कुठल्या नावेची लांबी किती, रुंदी किती, आणि समुद्रावर जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण पाण्यातले चुंबकाचे खडक तिला ओढून घेतील. धारला तलाव पुष्कळ आहेत, चुंबकाचे खडक कुठल्याच तलावात नाहीत. तरी राजाला काळजी. नानाकाकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, म्हणजे मी पहिला नव्हे."

भरतीशी माळव्याचं नातं निव्वळ हौसेचंही नव्हतं. धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण अंगाने नर्मदा वाहते. नेमावरला तिचं नाभिस्थान मानतात. हेच पाणी पुढे भडोचला समुद्राला भेटतं, आणि भडोच म्हणजे त्या भयंकर आखाताचं तोंड. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तिथल्या भरतीचं वर्णन आहे. पाणी एकाएकी गर्जत येतं, उभी जहाजं आडवी करतं आणि नवख्याला काही सुधरत नाही. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्रापर्यंत सामोरे जायचे आणि परक्या जहाजांना भरतीच्या तोंडावर ओढत, ठरलेल्या डोहांतून थांबत थांबत बंदरात आणायचे. त्या जहाजांवर चढायचा माल उज्जैनहून उतरलेला असे: अकीक, मलमल, जाडंभरडं कापड. माळव्यातल्या विणकराने समुद्र कधी पाहिला नसेल, पण त्याच्या ठाणांचा मुक्काम किती दिवसांचा हे भडोचचा एखादा कोळी पाण्याकडे बघून ठरवत होता. त्या कोळ्याकडे छापील कोष्टक नव्हतं. चक्रं आणि कप्प्यांवरून दोरी फिरवून भरतीची बेरीज करणारं यंत्र एडवर्ड रॉबर्ट्सने भारतातल्या बंदरांसाठी घडवलं ते १८७९ साली, लंडनमध्ये.

काकांच्या मनात एक शल्य मात्र होतं. एवढे फरक मिळवून झाले तरी देवासपुढे लिहायला आकडा नव्हता. तो मी त्यांना परवा दिला. चंद्र-सूर्य फक्त पाण्याला ओढतात असं नाही, जमीनही त्यांच्याकडे उचलली जाते. आपल्या अक्षांशांवर अमावास्या-पौर्णिमेला फूटभर, कधी थोडी जास्तच, आणि दिवसातून दोनदा. सगळंच एकदम उचललं जातं म्हणून कळत नाही, एवढंच. देवासही उचललं जातं. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती दोन्ही एकदम, टेकडीवरची तुळजाभवानी आणि चामुंडा दोघी एकदम, नोटांचा कारखाना आणि कचोरीवाल्याची कढईसुद्धा. खाडी नाही, आखात नाही, मध्ये अडायला काही नाही, त्यामुळे वेळ चंद्राच्या माथ्यावर येण्याला बऱ्यापैकी धरून असते.

काका बराच वेळ गप्प होते. मग चष्मा लावून त्यांनी विचारलं, "आणि धारला?"

"तीन मिनिटांनी," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.